धरणाच्या पाण्यातलं जेवण

वडील अंबडच्या एका कारखान्यात मापं तपासायचे. सुटा भाग केसभर कमी-जास्त भरला तरी परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते आमच्या आठवणी तपासायला लागले.

मी लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत रविवार गाठून आई, वडील आणि मी स्कूटरवरून अंजनेरीला जायचो. उजाडताना चढायला सुरुवात, वरच्या तळ्यापाशी थर्मासमधला चहा, ऊन तापायच्या आत खाली. मग गंगापूर धरणाच्या काठावर जेवण. तिथे एक सपाट खडक होता. बसायचं तर त्याच्यावरच. एकदा तिथे आधीच कोणी बसलेलं होतं, तर ती माणसं उठेपर्यंत वडील दीड तास स्कूटरपाशी उभे राहिले. आम्हीही.

गेल्या दिवाळीत मी माहेरी आले, तर वडिलांनी जाहीर केलं, "उद्या जायचं." अंजनेरी आता त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नव्हती. ती त्यांनी गाडीच्या काचेतून बघितली आणि "आहे तेवढीच आहे" म्हणाले. मग आम्ही धरणावर आलो.

काठाजवळच्या आंब्याला पाठ टेकवून ते पावलं मोजायला लागले. खडक बेचाळीस पावलांवर, हे त्यांना पाठ होतं. एकतिसाव्या पावलाला पाणी लागलं. आम्ही यायचो तेव्हा धरण आटलेलं असायचं. आता पावसाळा नुकताच संपून ते भरलं होतं. वडिलांनी चपला काढून हातात घेतल्या आणि बत्तिसावं पाऊल टाकलं.

"अहो, कुठे निघालात?" आईने विचारलं.

"मोजू दे. चुकेल."

बेचाळिसाव्या पावलाला पाणी गुडघ्याला लागलं. त्यांनी पायाने चाचपलं, वळून म्हणाले, "खडक आहे," आणि मांडी घालून बसले. पाणी पोटाच्या वर आलं.

मला वाटलं, आता आई चिडणार.  तिने साडी खोचली, डबा डोक्यावर घेतला आणि ती आत गेली. मी काठावर एकटी उभी राहून काय करणार? मीही गेले. पुऱ्या उंच धरून खाल्ल्या, बटाट्याची भाजी डब्यातूनच. चटणीच्या डबीचं झाकण तरंगत निघालं, ते मी दोनदा पकडून आणलं.

एवढ्यात काठावर एक गाडी थांबली. त्र्यंबकेश्वरला पूजा करून परतणारं विंचूरकडचं जोडपं आणि त्यातल्या नवऱ्याची आई, एक वयस्क आजी.

"काका, हा कोणता विधी?" सुनेने विचारलं.

वडिलांना खोटं बोलता येत नाही. "दर वर्षी करायचो," ते म्हणाले. "मध्ये बरीच वर्षं राहून गेलं."

"उपास असतो?"

"नाही. पुरी-भाजी."

आजी सुनेला म्हणाल्या, "बघ, आपल्याला हे कोणी सांगितलंच नाही." आणि मुलाचा हात धरून त्या आमच्याशेजारी येऊन हात जोडून बसल्या.

"आजी, ही सहल आहे," मी म्हणाले.

"असू दे," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "आता भिजलेच आहे."

आईने त्यांना पुरी दिली. त्यांनी ती कपाळाला लावून खाल्ली.

मग एक म्हशीवाला आला. म्हशी पाण्यात सोडायच्या होत्या आणि जागेवर आम्ही बसलेलो. वडिलांनी त्याला आंब्यापासूनचा सगळा हिशेब समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, ह्यो आंबा मी लावलाय. पोरगी झाली तवा. आता तिचं लगीन झालं," तो म्हणाला. "जुना आंबा वाळून लय वर्षं झाली. तो त्या टेकाडाच्या पल्याड व्हता. तुमची जागा ही नाय."

वडिलांचा पुरीचा हात थांबला. आजींनीही डोळे उघडले. "मग तिकडे जाऊन बसायचं का?" त्यांनी विचारलं, आणि खरोखरच उठायला लागल्या.

वडिलांनी टेकाडाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, पाण्यात हात घालून खालचा दगड थापटला. "इथे चालेल," ते म्हणाले. 'चालेल' हा शब्द मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

आईने पाण्यात पाय लांब केले. "मला हीच जागा आवडली," ती म्हणाली. "त्या खडकावर दर उन्हाळ्यात बूड भाजायचं."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"एवढ्या हौसेने आणायचात. काय बोलणार?"

 वडिलांनी उरलेली पुरी आईच्या हातावर ठेवली आणि म्हशींना वाट द्यायला थोडे बाजूला सरकले. म्हशी आत आल्या, आमच्या मागे बसल्या. आम्ही सगळे बराच वेळ तसेच बसून राहिलो, कोणालाच उठावंसं वाटेना.