अण्णांच्या दंडावरचे वण

मंडळी, आज हैदराबादच्या डॉक्टरांनी अण्णांच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या, लिव्हरच्या कॅन्सरवर नवा उपचार सुचवला. देवीच्या लशीतला विषाणू बदलून थेट गाठीत टोचायचा. अजून चाचणीच चालू आहे, गुण येईलच असं नाही.

मी घाबरून नकोच म्हणाले.

अण्णांनी बाही वर सरकवली. देवी टोचल्याचे तेच गोल वण! विद्यापीठ नामांतराच्या दंगलीच्या वर्षी शाळा बंद असताना सेलूच्या घरी ते मला अक्षरं शिकवायचे, तेव्हा मी त्या वणांवर बोट फिरवत बसायचे.

"टोचणारा आला की माय मला धान्याच्या कणगीत दडवायची. तरी टोचलंच, म्हणून जगलो. आता तू दडवायलीस व्हय, बाई?"

त्यांनी सही केली.

आपल्या माणसाच्या वतीनं आपण किती भ्यायचं?