पंचासमक्ष

पैठण रोडवरच्या पोलीस चौकीसमोर सरूबाई घुले अकरा वर्षं उभी होती. चहाच्या गाडीमागं बसायला जागाच नव्हती. एवढ्या उभं राहण्यातून तिला दोन गोष्टी मिळाल्या. पोटऱ्यांवर निळ्या दोऱ्यांचं जाळं, आणि सही.

सही मात्र झकास होती. घुलेच्या 'ले'वरची मात्रा ती अशी मागं फेकायची, जशी वेणी.

चौकीत एखाद्या बाईची झडती असली की साक्षीला बाई पंच लागायची, आणि कुठलीच बाई त्या भानगडीत पडायची नाही. मग जमादार रामकिसन फाटकातूनच ओरडायचा, "सरूबाई, पाच कट अन् एक पंचासमक्ष!"

ती पाच कट आत पाठवायची, पदराला हात पुसायची आणि गाडीच्या पत्र्यावर कागद ठेवून सही ठोकायची. पंचासमक्ष हे त्या कागदाचं नाव, अशीच तिची समजूत. सातबारा असतो, रेशनकार्ड असतं, तसं पंचासमक्ष. वाचायची ती सगळं, नाही असं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून छत्तिसाव्या वर्षी दहावी झालेली बाई ती. आम्ही पंच अमक्या घरी गेलो, तमकं पाहिलं, असं त्यात असायचं. पण कागदाची भाषा अशीच असते, असं तिला वाटायचं. लग्नपत्रिकेत नाही का, मेलेले आजोबासुद्धा 'आग्रहाचे निमंत्रण' देतात?

एक दिवस रामकिसननं चहा फुंकत सांगितलं, "चौकीत महिला कक्ष निघतोय. कंत्राटावर एक बाई घेणारेत. टेबल, खुर्ची, पंखा."

"खुर्ची साधी का चाकाची?"

"चाकाची. पण सर्टिफिकेट लागतंय. स्टेशन रोडला कॉलेज हाय, तिथं सहा महिन्यांचा कोर्स असतो, फौजदारी न्यायाचा. कर तू. साहेबांना मी बोलतो."

सरूबाईनं त्या संध्याकाळी दोनदा पोटऱ्या चोळल्या आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

वर्गात बावीस पोरं, बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी. शिवम नावाचा एक वात्रट कार्टा रोज विचारायचा, "मावशी, आज थर्मास नाय आणला?"

"तुझ्या सासऱ्याला पाजून आले."

शिकवायला तौर मॅडम. त्या दिवसा कोर्टात सरकारी वकील, संध्याकाळी कॉलेजात. काळा कोट काढून खुर्चीच्या पाठीला घालायच्या, तेव्हा जणू आणखी एक मॅडम मागं बसलेली वाटायची.

पंचनाम्याचा धडा निघाला. मॅडमनी विचारलं, "सुरुवात कशी होते, कुणी सांगेल?"

सरूबाई उठली आणि एका दमात म्हणाली, "आम्ही खाली सही करणार पंच, आज रोजी जमादार साहेबांनी बोलावल्यावरून सदर महिलेचे राहते घरी गेलो असता, तिने आम्हां पंचांसमक्ष पिठाचे डब्यातून पिवळ्या धातूच्या दोन पाटल्या काढून हजर केल्या."

"अरे वा! हे कुठलं?"

"माझंच हाय, मॅडम. चौदा महिने झाले."

टाळ्या पडल्या. शिवम म्हणाला, "मावशी, माझ्या डब्याचा पंचनामा करा की!"

"एक स्टीलचा डबा, झाकण चेपलेलं. आत दोन भाकरी. आईच्या हातच्या नव्हं, खानावळीच्या. डबेवाल्याला पंचांसमक्ष रडू आलं."

वर्ग हसून लोळला. अकरा वर्षांत सरूबाईसाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिनं दातांनी पदर धरला.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं: समक्ष. "या एका शब्दावर सगळा पंचनामा उभा असतो. अक्ष म्हणजे डोळा. समक्ष म्हणजे डोळ्यांपुढं. पंचानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. तसं नसेल तर तो कागद म्हणजे रद्दी."

सरूबाई अजून उभीच होती. "मॅडम... डोळ्यापुढं म्हंजे? तिथं जावं लागतं?"

टाळ्यांपेक्षा मोठं हसू उसळलं. मॅडमसुद्धा डोळे पुसत म्हणाल्या, "सरूबाई, नाटकात जा तुम्ही!"

सरूबाईही हसली. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकंच. मग बसली, आणि पुढचा तास वहीच्या मार्जिनवर डबे काढत राहिली.

त्या पिठाच्या डब्याची मालकीण होती नजमा, बंगल्यात धुणीभांडी करणारी. तिथल्याच पाटल्या चोरल्याचा आळ तिच्यावर. घरात अंगावर पिणारं पोर. तिला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळाला नाही. म्हणून ती चौदा महिने आत होती. तेव्हा झडतीचा व्हिडिओ काढायचं बंधन नव्हतं. होती ती दोन पंचांची सही. एक सरूबाई, दुसरा आकाश, जो पोलिसांना गाडी भाड्यानं द्यायचा.

पंधरा दिवसांत समन्स आलं. मॅडम खूश झाल्या. "केस माझ्याकडंच आहे. वर्गाची कोर्टभेट त्याच दिवशी ठेवू. आपल्यातलीच पंच साक्ष कशी देते, ते पोरांना बघू दे. भेटीला वीस मार्क आहेत, कुणी दांडी मारू नका."

सरूबाई रामकिसनकडं गेली. "जमादार, मी गेलेच नव्हते तिथं."

"कोण म्हणतं? तुझी सही म्हणते गेली होतीस."

"तिच्या घराचं दार कुण्या तोंडाचं, ते बी मला ठाव नाय."

"दार कोण विचारतंय? कागदात हाय तेवढं बोल, पाठच हाय तुला. अन् सरूबाई..." त्यानं रिकामा कप पत्र्यावर उलटा ठेवला. "खुर्ची आलीये. प्लास्टिक बी नाय काढलं अजून."

कोर्टात मागच्या तीन बाकांवर वर्ग बसला. कॉलेजचा शिपाई हजेरीचा कागद फिरवत होता. तो सरूबाईपर्यंत यायच्या आत तिच्या नावाचा पुकारा झाला. ती पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. समोर नजमा. सरूबाईनं तिला पहिल्यांदाच पाहिलं. पोर प्यायचं थांबलं की बाईची छाती कशी ओढल्यासारखी दिसते, तशी दिसत होती.

शपथ झाली. मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "पंचनाम्यावरची सही तुमची?"

"व्हय, माझीच."

"आरोपीनं पाटल्या कुठून काढून दिल्या?"

बाकांवरून शिवमनं हळूच अंगठा वर केला. सरूबाईच्या ओठांवर अख्खा पंचनामा तयार होता. पाय दुखत होते. पिंजऱ्यातही बसायला जागा नव्हती.

"मला नाय ठाव. मी तिथं नव्हतेच. सही मी माझ्या गाडीवर केली."

बाकांवर कुणीतरी "मेली मावशी" म्हणालं. मॅडमचा चेहरा बदलला. वर्गातल्या मॅडम गेल्या, खुर्चीच्या पाठीवरच्या उभ्या राहिल्या. "साहेब, साक्षीदार फितूर झाली आहे. उलटतपासणीची परवानगी असावी."

फितूर. सरूबाईला हा शब्द फक्त किल्ल्यांच्या गोष्टींत माहीत होता. रात्री शत्रूला दरवाजाची दिंडी उघडून देणारा.

"अशा किती कागदांवर सह्या केल्यात?"

"मोजल्या नाय."

"म्हणजे पोलिसांसमोर खोटं, की कोर्टासमोर खोटं?"

"तवा खोटं."

"आरोपीच्या माणसांनी काय दिलं तुम्हाला?"

"काय नाय. तुम्हीच सांगितलं, मॅडम. अक्ष म्हंजे डोळा."

कोर्टात हशा झाला. न्यायाधीशांनी टेबलावर पेन आपटलं. मॅडमनी पुढचा प्रश्न न विचारताच फाइल मिटली.

बाहेर व्हरांड्यात महिला पोलीस नजमाला घेऊन निघाली होती. सरूबाई आडवी गेली. "बाई, मी खरं सांगितलं."

नजमा थांबली. "हौ, सुनी मैं." ती सरूबाईच्या हाताकडं बघत होती, चेहऱ्याकडं नाही. "ये हाथ है क्या वो? मेरा बच्चा अब मेरी अम्मी कू अम्मी बोलता."

आणि ती पुढं गेली.

दोन महिन्यांनी नजमा सुटली, संशयाचा फायदा मिळून. तोवर चौकीसमोर सरूबाईची गाडी राहिली नव्हती. रहदारीला अडथळा होतो, म्हणून रामकिसननं ती नाल्याकडं ढकलायला लावली. तिच्या जागी दगडाबाईची गाडी आली. दगडाबाईला सही येत नव्हती. तिचा अंगठा चालत होता.

निकालाच्या दिवशी सरूबाई कॉलेजात गेली. लेखीत पास. कोर्टभेटीच्या रकान्यात लाल 'गै.' आणि वीसपैकी शून्य. तेवढ्यानं सर्टिफिकेट अडलं होतं.

मॅडम कोट घालत होत्या. सरूबाई म्हणाली, "मॅडम, मी तर होते की कोर्टात. तुमच्यासमोर."

"हजेरीच्या कागदावर तुमची सही नाही."

"पिंजऱ्यात होते ना मी! अख्ख्या वर्गानं पाहिलं."

"सही नाही म्हणजे गैरहजर. नियम आहे."

सरूबाईनं दाराला धरलं. पोटऱ्यांत कळ आली होती. खिडकीजवळ एक रिकामी खुर्ची होती, पण बसा असं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं खाली मान घातली. "मग आता करते की सही. मागच्या तारखेची. द्या कागद."

मॅडमनी कोटाची बटणं लावली, एक, दोन, तीन.

"मागच्या तारखेची सही? सरूबाई, अहो, काय शिकवलं मी तुम्हाला?"