अदालतीतला भंडारा

देशमुखाची मेंढरं हरवली अन् चोरीचं बालंट आलं आमच्या मालकावर, माझ्या नवऱ्यावर. तवा निजामाचं राज्य होतं, माझी पोरगी अंगावर पीत होती. गवाह कोण, तर माझाच चुलतदीर! देशमुखाच्या तुकड्यावर जगणारा मेला.

पेशीला आमची सगळी भावकी माजलगावला गेलती. बायका बाहेर लिंबाखाली बसलो. आमाला अदालत म्हंजी न्याय देणाऱ्या मुन्सफ साहेबाचं घर वाटायचं. न बोलवता कावून शिरायचं?

साहेब आत उर्दूत काही बोलले. चपराशी बाहेर आला. "मावशी, बाहेर कावून बसलात? साहेब म्हणतात आत या. हे दार समद्यांना उघडं हाय."

आगं बाई! देशमुखाच्या ओसरीला आमचा पाय लागू देत न्हवते, अन् हितं न्याय चालू असताना आत या म्हणतात! चपला काढल्या, उंबऱ्याच्या पाया पडलो, अन् कीर्तनाला बसावं तसं भुईवर बसलो. कुणी उठवलं न्हाई.

मालक पिंजऱ्यात उभे होते.  कैद झाली तर मेंढरांमागं कोण जाणार, पोरीला कोण बघणार?

चुलतदिराला खरं बोलायची शपथ द्यायला लागले, तशी मागून माझी चुलतसासू उठली. त्याची सख्खी माय. पोराचा डाव तिला ठाऊक न्हवता. आमच्यात खंडोबाचा भंडारा, देवाची हळद, उचलल्याबिगर शपथ होत न्हाई. तिला वाटलं, साहेबाची माणसं तो आणायला विसरली. तिनं पदराची गाठ सोडली अन् पिवळा हात पुढं केला. "घे लेकरा. ह्याच्याबिगर कशी रे शपथ व्हईल?"

चपराशी धावला. साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं.  साहेबामागं एवढं निजाम सरकार, अन् एका धनगरणीसाठी अदालत थांबली!

चुलतदिरानं हात उचलला, पण भंडाऱ्याला लावायची छाती होईना. सगळी भावकी बघत होती. शेवटी तो मटकन खाली बसला.

"माय, ठिव ते. म्या काई पाहिलं न्हाई. देशमुखानं सांगितलं तसं बोलणार होतो."

मालक त्याच दिवशी सुटले. बाहेर आल्यावर म्हातारीनं तो भंडारा त्यांच्या कपाळाला लावला. मग चुलतदिरानंबी कपाळ पुढं केलं. तिनं भंडाऱ्याची गाठ बांधली अन् चालायला लागली.