लग्नातलं हसू

चौसाळ्याला हायवेलगत अंगदचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या शूटिंगमध्ये गडी असा तरबेज, की मांडवात रुसून बसलेला नवरदेवही त्याच्या व्हिडिओत खुललेला दिसायचा. कुठला तुकडा कुठं जोडलाय हे कुणाला ओळखू येत नसे, आणि त्याचा अंगदला भारी अभिमान.

सीमेवर लढाई पेटली आणि सुट्टीवर आलेल्या प्रविणला पलटणीनं तातडीनं बोलावून घेतलं. गावचे पुढारी अमरसिंहदादा लगेच स्टुडिओत हजर.

"अंगद, फिल्म काढ त्याची. बघनाऱ्याचं रक्त सळसळलं पायजे."

स्टँडवर हलगी वाजली, घोषणा झाल्या, सुभद्राबाईनं लेकाला ओवाळलं. एसटी निघून गेली तशी ती माउली धुळीतच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. हे असलं फिल्ममध्ये कसं चालायचं? प्रविणच्या लग्नाचं शूटिंग अंगदकडं होतंच. त्यातला सुभद्राबाईचा हसरा चेहरा त्यानं उचलला, रंग जुळवला आणि गाडी गेल्यावर हलगीच्या ठोक्यावर नेमका बसवला. इतकं देखणं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. पंचाईत तीच होती.

फिल्म मोबाइलवरून जिल्हाभर फिरली. बीडहून, गेवराईहून कौतुकाचे फोन आले. 'हसत हसत लेकाला रणांगणावर धाडणारी माता' असा फ्लेक्स दादांनी चौकात लावला. अंगद कॉलर ताठ करून हिंडत होता.

एका दुपारी सुभद्राबाई स्टुडिओत आली आणि स्टुलावर टेकली.

"अंगद, फिल्ममधी माझ्या केसात पिवळी ज्वारी हाय. ओवाळायला मी तांदूळ घेतलते. ती ज्वारी प्रविणच्या लग्नातल्या अक्षतांची हाय."

एवढ्या लोकांनी फिल्म पाहिली, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अंगदची मान खाली गेली.

"नळावर बाया म्हनत्यात, लई धीराची बाई. घास गिळवत न्हाई मला. पर आता कुनापुढं रडू?"

"मावशी, चुकलं माझं. काढून टाकतो."

"समद्यांच्या मोबाइलातून काढशील? प्रविणनंबी बघितलीय. काल फोन आलता त्याचा. म्हनला, आई, तू रडशील म्हनून मी गाडीतून मागं वळून बघितलंच न्हाई. खरंच हसलीस का गं?"

"मग?"

"त्यो तिथं बंदूक घेऊन उभा हाय, अंगद. व्हय म्हनले."

अंगदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या कारागिरीनं या बाईला पोटच्या पोराशी खोटं बोलायला लावलं, याची त्याला लाज वाटली.

"एक कर," सुभद्राबाई म्हणाली. "मी रडलेलं तुझ्याकडं आसंल. ते तेवढं मला दे. त्यो सुखरूप घरी आला, की दावीन त्याला."

ते अंगदनं फिल्म झाली त्याच दिवशी, बिनकामाचं म्हणून पुसून टाकलं होतं. तेही सांगायची त्याला लाज वाटली.

"बघतो, मावशी," म्हणत तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि उगाच एकेक फाइल उघडत राहिला. सुभद्राबाई वाट बघत बसून होती.