पिकअप ठरेपर्यंत

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यासमोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खात होतो. भीती वाटली की मला भूक लागते. घरात यावरून माझी भरपूर थट्टा झालेली आहे. आत मोरूभाऊचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं, हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं. "वर या," एवढंच वहिनी म्हणाल्या... कळलं होतं मला, तरी एकेक पायरी मी उगाच हळू चढत होतो.

मोरूभाऊ गेला त्याला आता सहा आठवडे झाले. प्रताप नगरात तो पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचा, जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. थेट नरखेडकडचे संत्रावाले जळालेल्या मोटारी त्याच्याकडे आणत. मी मात्र पन्नाशीला टेकल्यावर इलेक्ट्रिक गिटार घेतली. ब्लूज-रॉक वाजवायचं म्हणे! मुलगी म्हणाली, बाबा, आधी सोसायटीत नोटीस लावा. आवाज पातळ यायचा, म्हणून पिकअप बदलायचं ठरलं. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मी तयार मागवणार म्हटल्यावर मोरूभाऊ दुखावला. मावशीने जन्मभर हातमागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरल्या. तोच चरखा त्याने माळ्यावरून काढला आणि सुताच्या जागी तांब्याची तार लावली.

वेढे जास्त झाले की आवाज दणदणीत पण घोगरा, कमी झाले की स्वच्छ पण किरकिरा. मला हळू छेडलं तर बोलणारा आणि जोरात मारलं तर किंचित फाटणारा आवाज हवा होता. त्याने केलेल्या दुसऱ्याच नमुन्यात तो सापडला.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. कारण तोवर डॉक्टरांनी ऑपरेशनची घाई करायला सांगितलं होतं, आणि मोरूभाऊने अट घातली होती, "तुझं ठरू दे गा, मग मी भरती होतो." माझं ठरलं की लगेच तो दवाखान्यात जाणार, आणि गेलेला परत येईल, याची मला काही केल्या खात्री वाटेना. म्हणून दर रविवारी मोठा जाणकार असल्यासारखी मान वाकडी करून ऐकायचो आणि म्हणायचो, अजून जरा घोगरा वाटतो... तो लगेच नवी तार भरायला बसायचा. इतक्या उत्साहाने की मला त्याच्याकडे बघवत नसे. जिन्यात तो मधेच चपलेचा पट्टा नीट करायला थांबायचा. त्याच्या चपलेला पट्टा नव्हता.

तिसऱ्या रविवारी वहिनी चहा ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. "भाऊजी, तुमचा आवाज ठरून नाही राहिला, अन् मी इथं यांचा श्वास मोजून राहिली."

मी घाईघाईने तो दुसरा नमुना उचलला. हाच, म्हणालो.

"हा तर तुले पहिल्यापासूनच आवडला होता," मोरूभाऊ खाली बघत म्हणाला. "मले माहीत होतं."

संध्याकाळी त्याने वेढे हलू नयेत म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडवून गार व्हायला ठेवला. मंगळवारी भरती झाला.

तीन आठवडे आधी नेलं असतं तर? हे विचारायला मी दोनदा डॉक्टरांकडे गेलो आणि दोन्ही वेळा केबिनच्या दारातून परत फिरलो. एकदा तर खालच्या औषधाच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब घेऊन आलो. डोळे ठणठणीत आहेत माझे.

परवा वहिनींनीच बोलावून घेतलं, गिटार घेऊन या म्हणाल्या. मी मोरूभाऊचं ते पिकअप गिटारीत बसवून सोल्डरिंग करायला घेतलं. त्यांनी चिमट्यात तार धरली. अँप्लिफायर लावला. एकाच गुंडाळीचं हे पिकअप, तारांना हात लागेपर्यंत घुमत राहतं. मी सवयीने हात ठेवला आणि मोरूभाऊची खोली एकदम गप्प झाली.

"काढा हात," वहिनी म्हणाल्या. "चालू द्या थोडं."

मी काढला. मोरूभाऊच्या रिकाम्या खुर्चीशेजारी आम्ही दोघं ती घरघर ऐकत बसलो. थोड्या वेळाने मी धीर करून सुरुवात केली, "वहिनी, ते तीन आठवडे..."

वहिनींनी हात लांब करून आवाजाचं बटण फिरवलं आणि घरघर आणखी थोडी वाढवली.