आपटे साहेबांची विलायती वायर

किश्शांचं पाण्याच्या रांगेसारखं असतं. एकानं घागर ठेवली की बघता बघता मागं पंधरा लागतात, आणि सगळ्यांनाच घाई! लातूर नवा नवा जिल्हा झाला होता, त्यात दुष्काळ पडलेला. त्या दिवसांतले आपटे साहेबांचे किस्से माझ्याकडं असेच रांग लावून उभे आहेत.

आपटे साहेब इंजिनिअर, पुण्याहून बदलून आलेले. मी त्यांच्याच ऑफिसात क्लार्क, मूळचा हिमायतनगरकडचा. ऑफिसला तेव्हा पाटी लागली होती, खुर्च्या यायच्या होत्या! साहेबांचं सामान म्हणजे कपड्यांची एक ट्रंक आणि स्टिरिओची चार खोकी. अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या दोन वायरी त्यांच्या मेहुण्यानं परदेशातून आणलेल्या, बोटाएवढ्या जाड. स्टिरिओ जोडायला आलेल्या रशीदभाई मेकॅनिकनं त्या हातात घेतल्या आणि म्हणाला, "साहेब, एवढी वायर तर आमच्याकडं बोअरच्या मोटारीला लावतेत!"

साहेबांनी वायरी त्याच्या हातातून काढून घेतल्या आणि स्वतःच जोडल्या.

*

साहेबांच्या भाड्याच्या घरामागं बोअर होता. दिवसभर विसावा दिला की संध्याकाळी पाव तास पाणी द्यायचा. सगळी गल्ली तिथं घागरी लावायची. साहेब कुणाला नाही म्हणत नसत. फक्त रविवारी एक अट: मोटार सुरू होईपर्यंत आत बसून गाणं ऐकायचं. तर आमचं संगीत मंडळ असं पाण्याच्या रांगेतून निघालं!

मी पहिल्यांदा घागर घेऊन गेलो तेव्हा बिचकतच गेलो. त्याआधी दोन दारांत मला आडनाव विचारलं होतं. कांबळे म्हटल्याबरोबर दोन्ही बोअर आटले! साहेबांनी माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "कांबळे, गाणं ऐकता का?"

"ऐकतो, साहेब."

"मग घागर ठेवा आणि आत या."

घरी माझ्या बायकोला, सुनंदाला, सहावा महिना होता. त्या दिवशी मी पाणी घेऊन आलो तेव्हा ती घागरीला हात लावून बसली. साहेबांचे ते उपकार मी आजही मानतो.

*

गाणं सुरू करताना साहेब हात वर करायचे, की सगळे चिडीचूप. रेकॉर्ड संपली की विचारायचे, "फरक कळला का?"

कशाचा फरक, हे कुणालाच ठाऊक नसायचं. पण भाजी विकणाऱ्या जनाबाई सगळ्यांत आधी ओरडायच्या, "लई!" पाणी मिळायचं होतं ना!

"लई नाही हो, जनाबाई. फार म्हणा, फार."

"फार लई!"

*

वायर जमिनीला टेकली की आवाज मळतो, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून त्यांनी दोन्ही वायरी खिळ्यांवरून कमरेच्या उंचीवर ताणलेल्या. एका रविवारी सुनंदानं आदल्या दिवशीच्या उरल्या पाण्यात बोअरवर चार कपडे धुतले आणि आत येऊन दोरी दिसली म्हणून वाळत घातले. साहेब आले, रेकॉर्ड लावली, डोळे मिटले.

"आज आवाज जरा जड येतोय," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. समोर माझं बनियन!

साहेब म्हणाले, "असू द्या वहिनी, वाळलं की काढा."

*

रशीदभाईच्या मते महाग वायर आणि दोन रुपयांची वायर, आवाज एकच. शेवटी परीक्षा ठरली. पडद्यामागं रशीदभाई वायरी बदलणार, साहेब बाहेर बसून ओळखणार.

"ही विलायती! श्वाससुद्धा ऐकू येतो."

"ही साधी. पत्र्यावर बसून गातंय कुणीतरी."

असं सहा वेळा झालं. मग रशीदभाई रिकामा कप घेऊन बाहेर आला. "साहेब, म्या सुरुवातीलाच साधी लावली अन् चहा पीत बसलो. बदललीच न्हाई!"

सगळे गार. जनाबाईंनी तर घागरी उचलायला घेतल्या, म्हटलं आजचं पाणी गेलं. पण साहेब चष्मा काढून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पुढच्या रविवारी विलायती वायर पुन्हा जागेवर! मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "कांबळे, माणसानं एक तरी गोष्ट उगाच जपावी."

*

उन्हाळ्यात आम्हाला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं त्याच संध्याकाळी मी साहेबांकडं गेलो तर मोटार बंद. स्टार्टरपासून बोअरपर्यंतची वायर जळून कोळसा झालेली. रविवार, दुकानं बंद. घरी बाळंतीण, आणि माठात तांब्याभर पाणी. पंधरा घागरी रांगेत. रशीदभाईकडं होती ती सगळी रेडिओची बारीक वायर.

साहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा खांद्यावर दोन्ही विलायती वायरी होत्या.

रशीदभाई चाचरला. "साहेब, कापावी लागंल. सोलावी लागंल."

साहेबांनी खिशातून पक्कड काढून त्याच्या हातात दिली.

बटण दाबलं. पाइप खोकला, नुसती हवा आली. पुन्हा खोकला. मग पाणी आलं, आणि जनाबाईंनी सगळ्यांच्या घागरी मागं सारून माझी पुढं ढकलली. "लेकरवाल्याची आधी भरू द्या!"

साहेबांनी सवयीनं हात वर केला. सगळी रांग चिडीचूप. तळाला पडणारं पाणी आधी घुमलं, मग घागर भरत गेली तसा आवाज हळूहळू चढत गेला. साहेब डोळे मिटून उभे होते.

घागर काठोकाठ भरली. रशीदभाई हळूच म्हणाला, "साहेब, फरक कळला का?"

साहेबांनी डोळे उघडले नाहीत.

"लई!"