भरल्या गाडीचा माग

बापाचे हात थरथरायचे हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. दारूनेच गेला तो. त्यामुळे मी कल्याणच्या खाडीवरून ठाण्याला रेतीची लॉरी न्यायला लागलो आणि माझेही हात थरथरायला लागले, तेव्हा मला कुणी काही विचारलंच नाही. खाण तशी माती म्हणाले, झालं!

खरं तर लॉरीच डावीकडे ओढायची. लढाईतली जुनी, शेठने लिलावात घेतलेली. रेती भरली की स्टिअरिंग सारखं उजवीकडे दाबून धरावं लागे आणि ते हातात थडथडत राही. ठाण्याला उतरेपर्यंत दंड भरून यायचे, बोटं थरथरायची, बशीतला चहा शर्टावर. फिटरकडे मी दोनदा गेलेलो. त्याने पुढची चाकं उचलून फिरवली, कडेला खडू धरून डुगडुगतात का पाहिलं, दोन टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून काठीने मापलं. चोख! स्वतः एक फेरी मारून आला. तीही चोख. "गाडीत काही नाही रे," म्हणाला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. आता फिटरकडे भरली गाडी कोण नेतो? दोन्ही वेळा रेती खाली करूनच गेलो होतो.

ते शेठच्या कानावर गेलं. दारूबंदीचे दिवस. प्यायलेला ड्रायव्हर पोलिसांना सापडला तर लॉरीच जायची, म्हणून त्याने मला वाटेतच गाठायचं ठरवलं. मी रेती भरून निघालो, तर फिटरच्या शेडपाशी हा हात करून उभा. शेजारी माझी आई.

तिला का आणलंय ते मला लगेच कळलं. तिचा उभा जन्म बापाचं तोंड हुंगण्यात गेलेला. आळीत म्हणायचे, म्हातारी वासावरून दारूची भट्टीसुद्धा ओळखेल.

"मावशी, तुम्ही म्हणाल ते खरं," शेठ म्हणाला. "प्यायला असेल तर चावी आत्ता काढून घेतो."

फिटरची माणसं बघतायत, चहावाला बघतोय, आणि मी, घरी बायको-पोर असलेला बाप्या, भररस्त्यात आईपुढे वाकलो.

"आ कर. अजून." तिने वास घेतला. पुन्हा घेतला. "नाही येत," म्हणाली. मग माझे हात उलटेपालटे करून बघितले. "पण शेठ, हात त्याच्या बापाचेच आहेत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शेठने हात पुढे केला, मी चावी दिली. मान वर करायची सोय नव्हती म्हणून धुळीतच बघत राहिलो. तिथे माझ्याच लॉरीचा माग उमटलेला होता. पुढच्या चाकाचा माग मागच्या जोडचाकांनी पुसून टाकायला हवा. उजवीकडे तो पुसला होता. डावीकडे मात्र पुढचं चाक वेगळंच गेलेलं दिसत होतं.

"दोरी आणा!" मी ओरडलोच. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एका बाजूला दोरी धरली, मग दुसऱ्या. चार बोटांचा फरक! फिटर शिव्या घालत गाडीखाली शिरला. मागच्या स्प्रिंगचे पाटे अ‍ॅक्सलवर जखडून ठेवणारा मधला बोल्ट तुटला होता. ओझं पडलं की अ‍ॅक्सल उजवीकडून मागे सरकायचा आणि गाडी तिरकी चालायची. रेती खाली केली की परत जवळपास जागेवर.

शेठने चावी परत दिली, पाठीवर थाप मारली. सगळे हसले. मी तो तुटका बोल्ट आईसमोर धरला. "बघितलंस? गाडीचं होतं ते, गाडीचं!"

"बघितलं," ती म्हणाली. "घरी आलास की आधी मला तोंड दाखवायचं. रोज."

नवा बोल्ट बसला, लॉरी सरळ धावायला लागली, हातही थांबले. त्या संध्याकाळी बायको चुलीपाशी होती, पोर उंबऱ्यात खेळत होतं. दोघांच्या देखत मी आईपुढे वाकून तोंड उघडलं. लाजेने कान तापले होते.

"जा, जेव," ती म्हणाली. ती होती तोवर मी रोज असंच जेवायला बसलो.